खालची मोकळी जागा

“ह्यो लांडगा कशापायी?” मगदूम अण्णांनी विचारलं.

प्रश्न रास्तच होता. माझ्या लॅपटॉपवर जाहिरात उघडी होती. काळाकुट्ट अंधार, त्यात निळ्या उजेडात न्हाऊन निघालेला, कानांना भलेमोठे हेडफोन लावलेला एक तरुण, आणि त्याच्या पाठीशी दात विचकून उभा असलेला खोलीएवढा लांडगा. वर मी लिहिलेली ओळ होती, ‘थांबणं तुमच्या स्वभावात नाही.’ तिच्याखाली कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं नाव, झायफॉन नाईन.

“ते ताकदीचं प्रतीक आहे, अण्णा. गेम खेळणाऱ्या मुलांना असं काहीतरी दणदणीत लागतं.”

“आमच्याकडं लांडगा आला म्हंजी मेंढरं गेली. हे चित्र दुकानावर लावलं तर धनगर पाय टाकायचं न्हाईत आत.”

“धनगर प्रोसेसर घेतात?”

“चार्जर घेत्यात की,” अण्णा म्हणाले.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, विट्याची. मी, हर्षदा खातू, मूळची चिपळूणची, पुण्याच्या एका जाहिरात कंपनीत सहा महिन्यांच्या उमेदवारीवर चिकटले होते आणि त्या सहा महिन्यांतले शेवटचे नऊ दिवस उरले होते. वडिलांशी माझा तह झाला होता. नोकरी कायम झाली तर पुणे; नाही झाली तर मुकाट्याने चिपळूणला परत, मामांच्या बालवाडीत. बालवाडीत वाईट काहीच नव्हतं, पण मामांना माझ्यासाठी स्थळंही बघायची होती आणि मामा एकदा बघायला लागले की थांबत नसत. थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ती ओळ मला तिथूनच सुचली होती, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

मी विट्यात कशी येऊन पडले, त्याचं कारण अकरा हा आकडा. झायफॉन नाईन हा त्या कंपनीचा सगळ्यांत महागडा प्रोसेसर. बंगळूरला बसलेल्या त्यांच्या जाहिरातप्रमुखांनी, भाटियासाहेबांनी, वर्षभराच्या विक्रीचा तक्ता काढला, तर पुण्यातल्या बड्या दुकानांनी चार-चार, पाच-पाच नग विकलेले, आणि सांगली जिल्ह्यातल्या विटा नावाच्या गावात, मगदूम कॉम्प्युटर्स नावाच्या दुकानाने एकट्याने अकरा. भाटियासाहेब चक्रावले. मग त्यांनीच निष्कर्ष काढला की या गावात गेम खेळणाऱ्यांचा एक मोठा अड्डा असणार, कारण महाग प्रोसेसर गेम खेळणारेच घेतात, हे कंपनीने आधीच ठरवून टाकलेलं होतं. जाहिराती त्यांच्यासाठीच निघायच्या. लांडगे, ड्रॅगन, आगीचे लोळ, सगळं त्यांच्यासाठी.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये आमचे पालकरसाहेब म्हणाले, “विटा कुठे आहे कुणाला माहीत आहे?”

“कराडच्या पलीकडे,” मी पटकन बोलून गेले. माझ्यावर कामगिरी येऊन पडायला तेवढं पुरलं. चौकात तीस फूट बाय वीस फुटांचा बोर्ड लावायचा, शनिवारी दुपारी चार वाजता भाटियासाहेब स्वतः येऊन तो बघणार, आणि आवडला तर असेच बोर्ड आणखी नऊ गावांत लागणार. “आणि तुझंही त्याच दिवशी ठरेल,” पालकरसाहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना कुणालाही टांगणीला लावायला आवडायचं.

शुक्रवारी मी अण्णांच्या दुकानात पोचले तेव्हा माझ्यापाशी कंपनीने दिलेला एक फॉर्म होता. ग्राहकांची माहिती भरायचा. वय अठरा ते पंचवीस की पंचवीस ते तीस? आवडता खेळ लढाईचा, शर्यतीचा की फुटबॉलचा? दिवसाला किती तास खेळता? ‘इतर’ असा रकानाच त्यात नव्हता.

“ते अकरा जण कोण, अण्णा?”

“आपलीच माणसं.” अण्णा साठीचे, पांढरा सदरा, कपाळावर गंध, बोलणं तुटक. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि परत दिला. “ह्यात बसायची न्हाईत ती.”

मला वाटलं, म्हातारबाबांना फॉर्म कळला नाही. मी लॉजवर जाऊन सगळीकडे ‘अठरा ते पंचवीस’वर खुणा केल्या आणि झोपून गेले. आज लिहितानाही कान गरम होतात.

शनिवारी सकाळी नऊला मी बोर्ड छापायला गेले. विट्यात फ्लेक्स छापायचा म्हणजे दस्तगीर मुल्ला, असं तिघांनी सांगितलं होतं. एसटी स्टँडमागच्या बोळात ‘गुलमोहर डिजिटल’ अशी पाटी, आत शाईचा उग्र वास, भिंतीला टेकलेले फ्लेक्सचे गठ्ठे आणि पडद्यासमोर चाळिशीचे, शिडशिडीत दस्तगीरभाई. पडद्यावर एका स्थानिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा बोर्ड चालू होता. मध्यभागी पुढारी, एक हात उंचावलेला. वर त्यांच्या नेत्यांचे चार फोटो. आणि खाली शुभेच्छुक. मी मोजले, अडतीस. प्रत्येकाचा फोटो मोबाईलवरून आलेला, कुणी लग्नातला, कुणी मोटरसायकलवरचा. दस्तगीरभाई माऊस असा काही फिरवत होते की मागची झाडं, भिंती, बायका-मुलं बाजूला पडून नेमकं मुंडकं आणि खांदे तेवढे उरत.

“बसा म्याडम. एवढं एक मुंडकं काढतो. ह्यो माणूस ऱ्हायला तर उद्या माझंच मुंडकं काढंल.”

मी पेन ड्राईव्ह दिला. फाईल अवाढव्य होती. पुण्यात आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती उघडायला लावून आम्ही खाली जाऊन चहा पिऊन येत असू. इथे दस्तगीरभाईंनी दोनदा टिचकी मारली आणि लांडगा दात विचकून समोर हजर झाला. त्याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

“आरं बाबो,” दस्तगीरभाई म्हणाले. “कुणाचा वाढदिवस?”

“वाढदिवस नाही, प्रोसेसरची जाहिरात आहे. गेम खेळणाऱ्यांसाठी. तुम्ही खेळता का?”

“पत्तं खेळतो. तेबी ईदला.” त्यांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत न्याहाळला. खालच्या बाजूला त्यांचा माऊस थांबला. बोर्डाचा खालचा तिसरा हिस्सा काळा आणि रिकामा होता. कंपनीचं बेचाळीस पानी नियमांचं पुस्तक होतं आणि त्यात सतराव्या पानावर ठणकावून लिहिलं होतं की खालची जागा मोकळी हवी, नजरेला विसावा मिळायला.

“खालची जागा मोकळी दिलीया?”

“हो. मुद्दाम दिली आहे.”

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, त्यांना समजलं. त्यांनाही वाटलं, आपल्याला समजलं.

मग त्यांनी कोपऱ्यात, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘मुल्ला, विटा’ असं टाकलं.

“हे काढा,” मी म्हटलं.

“आवं, बारकं हाय. दिसतबी न्हाई.”

“तरी चालणार नाही. कंपनीचा नियम आहे. बोर्डावर त्यांच्याशिवाय कुणाचंही नाव नको.”

दस्तगीरभाई खुर्ची वळवून माझ्याकडे बघत बसले. चिडले नव्हते, मला समजावून सांगावं की सांगू नये, याचा विचार करत असावेत. “अब्बा हातानं बोर्ड रंगवायचं. शाळांचं, दवाखान्यांचं, समद्या तालुक्याचं. कोपऱ्यात ‘मुल्ला, विटा’. म्हातारपणी डोळं गेलं, तर मला सायकलवर मागं बसवून न्यायला लावायचं आन बोर्डावर हात फिरवून म्हणायचं, हाय का रं आपलं? मी सांगायचो, हाय. त्यांच्यामागं पंधरा वरसं झाली, माझ्या हातचा एकबी बोर्ड बिनानावाचा लागला न्हाई ह्या गावात.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सतराव्या पानापलीकडे एकविसावं पान होतं आणि त्यावर छापणाऱ्याच्या नावाबद्दल स्वतंत्र नियम होता.

“दस्तगीरभाई, माझी नोकरी आज या बोर्डावर ठरणार आहे,” मी म्हटलं आणि मग का कोण जाणे, सगळंच सांगत सुटले. उमेदवारी, वडिलांशी झालेला तह, बालवाडी, मामा, स्थळं. अनोळखी माणसाला सांगताना काही राखून ठेवायची गरज वाटत नाही.

ते ऐकून हसले. “म्हंजी म्याडम, माझं नाव ऱ्हायलं तर तुमी बालवाडीत?”

“तसंच काहीसं.”

त्यांनी नाव पुसून टाकलं. पुन्हा एकदा कोपऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “जावा, जेवून या. मशीनला तीन तास लागत्यात. दोनला चौकात चढवतो बोर्ड.”

जेवायला अण्णांच्या घरी बोलावणं होतं. काकूंनी ज्वारीची गरम भाकरी, भरलं वांगं आणि दह्यातली चटणी असं वाढलं की मी तिसरी भाकरी कधी संपवली ते कळलंच नाही. मध्येच अण्णांना फोन आला. ते ‘बरं, बरं’ करत उठले आणि डाव्या हाताने मोबाईलवर बराच वेळ काहीतरी पाठवत बसले. काकू ओरडल्या, “ताटावरनं उठून कसलं आलंय काम?” अण्णा म्हणाले, “बोर्डाचं हाय.” मी वांग्याचा शेवटचा घास घेत होते. मी काही विचारलं नाही.

तीनच्या सुमाराला आम्ही चौकात आलो. लांबूनच गर्दी दिसली. शे-सव्वाशे माणसं, पाच-सहा मोटरसायकली, एक गजरा माळलेली नवी नवरीसुद्धा. माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, लांडगा चालला.

मग मी वर बघितलं.

लांडगा जागच्या जागी होता. निळा पोरगा होता. माझी ओळ होती. आणि खाली, त्या विसाव्याच्या जागेत, डावीकडे हात जोडलेले मगदूम अण्णा, कमरेपासून वर, पोराच्या दुप्पट आकाराचे, आणि त्यांच्या शेजारून ओळीने अकरा माणसं. प्रत्येकाच्या खाली पिवळ्या अक्षरांत नाव. कुणी गॉगल लावलेला, कुणी फेटा बांधलेला, एक बाई डोक्यावर पदर घेतलेली. सगळ्यांच्या वर ठळक अक्षरांत ‘शुभेच्छुक’.

मी गर्दीतून वाट काढत शिडीकडे धावले.

दस्तगीरभाई शिडीवरून दोऱ्या आवळत होते. मला बघून खाली उतरले, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान. “झकास झालाय न्हवं?”

“हे काय केलंत? ती माणसं कुठून आली?”

“तुमी जागा मोकळी सोडली, आन नावं द्यायची इसरला. नोकरीच्या काळजीत हुता. म्हणलं, उगं फोन करून तरास कशाला? अण्णांस्नी इचारलं, ह्या वस्तूचं शुभेच्छुक कोण? ते म्हणालं, ज्यांनी घेतली तीच. फोटूबी लगेच आलं.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “का ओ? कुणी ऱ्हायलं का?”

त्या माणसाने उभ्या आयुष्यात खाली मोकळी जागा असलेला आणि त्यात माणसं नसलेला बोर्ड बघितलाच नव्हता. रिकामी जागा म्हणजे कुणाचं तरी नाव यायचं राहिलंय. सतरावं पान त्यांना कुणी दाखवलं होतं?

“झाकून टाका,” मी म्हटलं. “काळा कपडा लावा, काहीही लावा. तासाभरात साहेब येतोय.”

“म्याडम, माणसं घरच्यांस्नी घिऊन आल्यात फोटू बघाय. ह्या नवरीचा सासरा हाय बगा चौथा. त्येंच्या तोंडावर काळं कापड टाकू? मला गावात ऱ्हायाचं हाय.”

तेवढ्यात बोळातून पांढरी गाडी वळली. भाटियासाहेब पाऊण तास आधीच आले. त्यांच्या शेजारी पालकरसाहेब. मला चिपळूणची बालवाडी दिसायला लागली, भिंतीवरच्या अ अननसासकट.

भाटियासाहेब उंच, टापटीप, निळा कोट. हिंदीत बोलायचे, मी इथे मराठीत सांगते. ते उतरले, वर बघितलं आणि बघतच राहिले. पालकरसाहेबांनी वर बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

“हे कोण लोक आहेत?” भाटियासाहेबांनी विचारलं.

अण्णा पुढे झाले. त्यांनी हात जोडले आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, “साहब, येही तो है वो ग्यारा.”

“कोण अकरा?”

“जिन्होंने लिया.”

भाटियासाहेब दोन पावलं पुढे गेले. मग अण्णांनी एकेकाला हाक मारायला सुरुवात केली, कारण बोर्डावरची बहुतेक माणसं खालीच उभी होती. हे भिकूनाना, लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतात. पूर्वी एका लग्नाची सीडी निघायला कॉम्प्युटर अख्खा दिवस घ्यायचा, आता दुपारच्या आत होते, म्हणून लग्नसराईत तिप्पट कामं घेतात. ह्या शालन पवार, फोटोंचे अल्बम करतात, नवरा वारल्यावर त्याचा स्टुडिओ ह्यांनीच चालवला. हे सुतार, नवे बंगले बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर उभे करून दाखवतात. तिघेजण फ्लेक्सवाले, तीन गावांचे. असं करत करत नऊ-दहा झाले. शेवटचे बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी.

“म्हणजे हे गेम खेळतात?” भाटियासाहेबांनी आशेने विचारलं.

“खेळतो ना,” कुलकर्णी म्हणाले. “एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव. अजिबात अडकत नाही हो मशीन.”

कुणीतरी हसलं. मग भाटियासाहेबही हसले, मोठ्याने, पोट धरून. त्यांनी शालनताईंना विचारलं, तुम्ही हा प्रोसेसर का घेतला? त्या पदर सावरत म्हणाल्या, “जुना लई वाट बघाय लावायचा. गिऱ्हाईक दारात बसून ऱ्हायचं आन माझी भाकरी करपायची.”

हे मी भाषांतर करून सांगितलं. भाटियासाहेबांनी खिशातून छोटी वही काढली आणि भर चौकात उभ्या उभ्या ते लिहून घेतलं. मग त्या सगळ्यांबरोबर बोर्डाखाली उभं राहून फोटो काढून घेतला. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला. पालकरसाहेबांचा रंग हळूहळू परत येत होता.

“आम्ही दोन वर्षं गेम खेळणाऱ्यांमागे धावतोय, खरं कोण घेतं ते कळलंच नाही,” भाटियासाहेब म्हणाले, “आणि तुम्ही थेट बोर्डावर लावून मोकळे झालात. नऊच्या नऊ गावांत असंच करायचं. त्या त्या गावची माणसं. लांडगा काढा.” मग ते माझ्याकडे वळले. “कल्पना कुणाची?”

दस्तगीरभाई माझ्यापासून चार हातांवर उभे होते. हातात दोरीचं वेटोळं. त्यांना हिंदी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

“माझी, सर,” मी म्हटलं.

ते किती सहज तोंडातून निघालं, याचंच मला नंतर जास्त वाटलं. भाटियासाहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. पालकरसाहेब म्हणाले, “हर्षदा आमची फार हुशार मुलगी आहे.” मी दस्तगीरभाईंकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा ते खाली वाकून खांबाला गाठ मारत होते, आणि ती गाठ मघाशीच मारून झालेली होती.

निघताना मी त्यांना ‘येते’ म्हटलं. ते म्हणाले, “नोकरी पक्की न्हवं?”

“बहुतेक.”

“बेस झालं बगा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा होता का, हे मी कराडपर्यंत गाडीत आठवून आठवून शोधत होते. मला काही सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी कायम झाल्याचं पत्र आलं. वडिलांना फोन केला, मामांना त्यांनी कळवलं. विट्याला अण्णांनाही कळवलं. मैत्रिणींना सुजाता मस्तानी पाजली. बुधवारी दुपारी मोबाईलवर एक फोटो आला. पाठवणारे दस्तगीर मुल्ला.

विट्याच्या चौकातला बोर्ड. नवा. ‘आमच्या मार्गदर्शिका मा. हर्षदा मॅडम यांची पुणे येथे कायमस्वरूपी नेमणूक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मधोमध मी. शनिवारच्या गर्दीतल्या फोटोतून कापून काढलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि माझ्या मागे तोच लांडगा, कारण चांगलं चित्र फुकट घालवणं दस्तगीरभाईंच्या स्वभावात नव्हतं. खाली शुभेच्छुक. अण्णा, अकरा जण, आणि शेवटी फेटा घातलेले भाटियासाहेब.

मी खदाखदा हसले. ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला. मग जागेवर येऊन, सहज म्हणून, फोटो मोठा करून कोपऱ्यात बघितलं. ‘मुल्ला, विटा’ नव्हतं. त्या जागी त्याच मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘संकल्पना : हर्षदा मॅडम’.

माझं हसू तिथल्या तिथे आटलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी जिन्यात जाऊन फोन लावला.

“दस्तगीरभाई, कोपऱ्यात तुमचं नाव नाही.”

“कंपनीचा नियम हाय न्हवं?” ते म्हणाले. पलीकडे मशीन चालू होतं, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

“हा कंपनीचा बोर्ड नाही.”

“तुमी कंपनीच्या की.” मग, “आवडला का बोर्ड? डोळं मिटल्यात जरा. दुसरा फोटूच न्हवता.”

“आवडला. दस्तगीरभाई, शनिवारी मी जे...”

“म्याडम, गिऱ्हाईक आलंय. ठिवतो.”

मी तशीच पालकरसाहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. कल्पना माझी नव्हती, चूक होती, चूकही माझी नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरं. मग आता भाटियांना सांगायचं का? सांगायचं असेल तर तू सांग. फोन तिथे आहे.”

फोन तिथेच होता. काळा, टेबलाच्या कडेला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, मग खोलीबाहेर आले. मी शूर असते तर ही गोष्ट इथे संपली असती.

त्यानंतरचे दोन महिने मी नऊ गावं हिंडले. प्रत्येक गावात दुकानदाराला विचारलं, कुणी घेतला? आणि मिळतील तशी माणसं गोळा केली. अल्बमवाले, पत्रिका छापणारे, गणपतीच्या देखाव्याची हलती चित्रं बनवणारा एक रंगारी. फॉर्म मी पुन्हा कधी काढला नाही. बोर्डाची शेवटची फाईल माझ्याच हातून जायची. एकविसाव्या पानावरचा नियम होता तिथेच होता आणि कंपनीचे लोक बोर्ड लागला की चारही बाजूंनी फोटो काढून बंगळूरला पाठवायचे. मी प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात, काळ्यावर जेमतेम दिसेल अशा राखाडी रंगात, दोन शब्द टाकत गेले. नवव्या गावापर्यंत कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फोन वाजला.

“म्याडम, दस्तगीर बोलतोय. कराडला आलोय, शाई न्यायला. स्टँडासमोर तुमचा बोर्ड लागलाय.”

“हो. कसा वाटला?”

“माणसं चांगली लावल्यात. लांडगा न्हाई, जरा सुनं वाटतंय.” मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग ते म्हणाले, “कोपऱ्यात कुणीतरी ‘मुल्ला, विटा’ लिवलंय.”

“हो का?”

“लई बारकं हाय. खांबाला शिडी लावून वाचलं. लोकांस्नी वाटलं, मी बोर्ड चोरतोय.”

“मोठं केलं असतं तर मला हाकललं असतं, दस्तगीरभाई.”

“मग ऱ्हाऊ दे बारकं,” ते म्हणाले. “मी हात फिरवून बघितला. हाय.”